बेल उचलायची वाट

आमच्या भागात खोटं बोलणाऱ्याला डोंगर चढायला लावतात. हिंगोलीला कोर्ट आहे, औंढ्याला तहसील आहे, वकिलांना तर तोटाच नाही. पण जिथं कागद नाही, साक्षीदार नाही आणि दोन्ही बाजू आपलंच खरं म्हणून अडून बसतात, तिथं आमच्याकडची जुनी माणसं अजूनही सांगतात, जा, डोंगरातल्या महादेवासमोर बेल उचला. बेल हातात घेऊन जो बोलेल त्याचं खरं धरायचं. त्यानंतर त्या गोष्टीवर भावकीनंही तोंड उघडायचं नाही आणि गावानंही.

त्या श्रावणात बेल उचलणार होती माझी मोठी जाऊ. ती खोटं बोलणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तोंडावर मी तिला अहो-जाहो करते, जाऊबाई म्हणते. इथं लिहिताना करणार नाही.

भांडण विहिरीचं होतं. सासऱ्यांनी खणलेली एकच विहीर, दोन भावांत सामाईक. दोन दिवस त्यांची मोटार चालायची, दोन दिवस आमची. माझा नवरा होता तोवर या पाळीवरून कधी कोणी ब्र काढला नाही. तो काविळीनं गेला. त्याच्या वर्षश्राद्धाचं जेवण जेवून हात वाळायच्या आत हिनं भावकीत सांगितलं, की धाकट्यानं मरायच्या दिवशी विहिरीतला आपला वाटा मोठ्या भावाला सोडला. कुठं? दवाखान्यात. कोणासमोर? हिच्या एकटीसमोर. मग एके सकाळी भायांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, माझ्या मोटारीचा स्टार्टर काढून माझ्या ओट्यावर आणून ठेवला. वरून फडक्यानं पुसून ठेवला होता. एवढी माणुसकी शिल्लक होती.

पावसाळा होता म्हणून माझी हळद तगून होती. दिवाळीनंतर विहिरीचं पाणी मिळालं नाही तर ती उभ्या उभ्या वाळणार, हे शेंबडं पोरही सांगेल. मी अंगणवाडी चालवते. त्या मानधनात घरातलं मीठमिरची निघते. लेकरांची कॉलेजं हळदीवर आहेत. म्हणून विहीर मला हवीच होती.

पण खरं सांगायचं तर विहिरीइतकीच दुसरी एक गोष्ट मला जाळत होती. त्याच्या शेवटच्या दिवशी ती तिथं होती आणि मी नव्हते. मी घरी हळद शिजवत होते. आमच्या दोन्ही घरांची हळद एकाच कढईत शिजते, आधी एकाची, मग दुसऱ्याची. भट्टी एकदा पेटली की सोडून उठता येत नाही. जास्त शिजली की लगदा, कमी शिजली की आतून कच्ची राहते आणि पुढं कुजते. घरात काडी टोचून शिजलेली ओळखणारी मी एकटी. डॉक्टर म्हणाले होते, उतार आहे. ती म्हणाली, तू जा, मी बसते. मी गेले. दिवस मावळताना जीप अंगणात आली आणि त्यातून आधी ती उतरली.

दहाव्याच्या दिवशी मी तिला विचारलं होतं, शेवटी काही बोलले का? ती म्हणाली, काई न्हाई, झोपलाच व्हता. मी ते मानलं. आणि वर्ष झाल्यावर तोच झोपलेला माणूस विहीर वाटायला उठून बसला! झोपेत माणसं बडबडतात हे मला माहीत आहे, पण वाटण्या करतात हे मी पहिल्यांदाच ऐकलं. भावकीच्या बैठकीत मी हे बोलले तेव्हा दोघेतिघे हसले. भाया हसले नाहीत. तेव्हाच ठरलं, थोरलीनं बेल उचलावा.

आमच्याबरोबर साक्षीला आत्याबाई आल्या. नवऱ्याची आणि भायांची सख्खी आत्या. त्या आमच्या जिल्ह्यातल्याच गोरेगावला लेकाकडं असतात, पण माहेरच्या भांडणाचा वास त्यांना तिथवर बरोबर जातो. वय झालेलं, अंगानं काटकी, तोंडात सदा तंबाखू. सोमवारचा कडक उपास, पण तंबाखूला उपास लागू होत नाही असं त्यांचं शास्त्र. पुरुषांना त्यांनी घरीच बसवलं. म्हणाल्या, बोलणार बाई, ऐकणार बाई, तुमचं काय काम?

उजाडायच्या आधी मारुतीच्या पारावर त्यांनी आम्हाला नियम सांगितले. बेल मी तोडायचा आणि वाहायचा तिनं, पदराच्या गाठीत. ती पुढं चालणार, मी तिच्या पाठोपाठ. अनवाणी. एकमेकींशी शब्द बोलायचा नाही. बोलायचंच झालं तर आत्याबाईंना सांगायचं. वाटेत जी बसेल किंवा माघारी फिरेल तिचा दावा पडला.

"आन् बेल हातात घेतला की अर्धं पोटात ठेवायचं न्हाई," त्या तिला म्हणाल्या. "त्या दिवशीचं जेवढं ठावं हाय तेवढं सगळं ओकायचं. समजलं का?"

तिनं मान हलवली.

मी म्हणाले, "आत्याबाई, शपथच घ्यायची तर औंढ्याला नागनाथापुढं घेऊ. जीपनं जाऊ, दुपारी घरी येऊ."

"तिथं श्रावणात रांग असती. तोंड उघडंपर्यंत मागचा माणूस ढकलतो. शपथ अर्धी आत राहती, अर्धी भाईर." त्यांनी तंबाखू मळली. "आन् ही वाट एवढी लांब काहून ठेवली, ठावं हाय का? खोटं बोलणाराला माघारी फिरायला जागा पायजे म्हणून."

"आणि खरं बोलणाऱ्याला?"

"त्याचे पाय दुखायला."

आम्ही निघालो. डांबरी सडकेनं चालताना बाजूनं पोरांचे टेम्पो जात होते, त्यात महादेवाचा फोटो आणि त्याच्यापेक्षा मोठे डीजेचे कर्णे. सडक सोडून काळ्या रानात शिरलो तसा पायाला चिखल चिकटायला लागला. चार पावलं टाकली की तळव्याला दुसरा तळवा. दोन्हीकडं सोयाबीन फुलोऱ्याला आलेलं. कोणाचं रान साफ आहे, कोणाच्यात गाजरगवत माजलंय, हे एरवी आम्ही दोघींनी बोलून बोलून वाट संपवली असती. चांगल्या दिवसांत आमचं दोघींचं एकाच गोष्टीवर जमायचं, दुसऱ्याच्या शेताला नावं ठेवण्यावर.

तिच्या पाठीकडं बघत चालायचं होतं. नियमच तसा. मागच्याची नजर पाठीत रुतली पाहिजे, असं आत्याबाई म्हणाल्या होत्या, आणि मी त्यात काही कसर ठेवली नाही. तिच्या टाचांच्या भेगा, लुगड्याचा उजव्या बाजूनं ओला झालेला काठ, चालताना डावा खांदा जरा खाली. कमरेशी खोचलेल्या पदरात ती गाठ. मी तोडलेला बेल त्यात होता. निवडून निवडून तोडला होता, तीन पानं अखंड, किडीचा डाग नसलेला. तिच्या खोटेपणाला मी कोरा बेल पुरवला होता.

तांड्यापाशी आलो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. चिंचेखाली तांड्यातल्या बाईनं जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी पाण्याचे हंडे मांडले होते. दरवर्षी मांडते. पाणी चालतं, म्हणून आम्ही उभ्या उभ्या प्यालो. आधी ती, मग मी, मधे आत्याबाईंनी तांब्या विसळला. त्या बाईनं कौतुकानं विचारलं, "दोघी सख्ख्या बहिणी का?"

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "लई जीव हाय एकमेकीवर. एक बोलल्याबिगर दुसरीला घास उतरत न्हाई."

ती बाई खरंच मानून गेली. म्हणाली, महादेव असंच ठेवो तुमाला. मला ठसका लागला.

तांड्यामागून डोंगर सुरू होतो. डोंगर म्हणजे काही हिमालय नाही. लांबून बघितलं तर पालथी ठेवलेली परात वाटते. पण चढायला लागलं की कळतं. साग, धावडा, मधूनमधून सीताफळीची खुरटी झाडं आणि सगळी वाट सुट्या दगडांची. पावसानं माती वाहून गेलेली, दगड तेवढे पायाखाली फिरायला ठेवलेले. पुढं-मागं माणसं होती. कोणी खांद्यावर कावड घेतलेले, कोणी लेकरू पाठीशी बांधलेलं. "हर हर महादेव" अशी वरून एक हाळी आली की खालून दुसरी जायची. आत्याबाई प्रत्येक हाळीला ओ द्यायच्या. आम्ही दोघी मुक्या.

चढणीला लागल्यावर तिला बोलायची हुक्की आली. पुढं बघतच ती म्हणाली, "आत्याबाई, तिला सांगा. सासूबाई गेल्या तवा तो एवढासा व्हता. मी लगीन होऊन आले आन् पयल्या दिवसापासून त्याला न्हाऊ-खाऊ मी घातलं. रातीला माझ्या कुशीत निजायचा. माय म्हणूनच बघायचा मला."

हे मी लग्नापासून ऐकत आले आहे. सणावाराला, बारशाला, भांडणात, कुठंही. माझा नवरा म्हणजे जणू तिनं मला उसना दिला होता आणि नीट वापरते का ते बघायला ती रोज अंगणात यायची. त्याला काय आवडतं हे मला तिनं सांगायचं. त्याला ताप आला की कपाळावर हात आधी तिचा. तो "वहिनी, वहिनी" करत तिच्या चुलीपाशी जाऊन बसायचा आणि मी माझ्या चुलीपाशी पातेलं आदळायची.

मी म्हणाले, "आत्याबाई, तिला विचारा, न्हाऊ घातलेलं पाणी आता विहिरीतून वसूल करून राहिल्या का?"

आत्याबाई मधे चालत होत्या. त्यांनी काही पोहोचवलं नाही. गरजच नव्हती. पुढच्या पाठीचा डावा खांदा आणखी खाली गेला आणि चाल वाढली. मला बरं वाटलं. खोटं का बोलू, फार बरं वाटलं.

चाल वाढली आणि माझ्या टाचेत काटा गेला. बाभळीचा, लांब, आतपर्यंत. डोळ्यांत पाणी आलं पण मी चालत राहिले. बसले असते तर दावा पडला असता, आणि तिनं तो पडलेला दावा आनंदानं उचलला असता. मी चवड्यावर चालायला लागले. आत्याबाईंच्या लक्षात आलं.

"बस, काढते."

"बसले तर दावा पडतो."

"तू न्हाई बसायचं. मी दमले." असं म्हणून त्या धाडकन एका दगडावर बसल्या. "साक्षीदार बसला तर दोघींनी उभं राहायचं. ये, पाय दे हिकडं."

मी एका पायावर उभी राहिले. त्यांनी केसातला आकडा काढून टाच उकरायला सुरुवात केली. ती चार पावलं पुढं उभी होती, पाठ करून. मागं वळली नाही. पण थोड्या वेळानं म्हणाली, "आत्याबाई, तिला सांगा, सरळ ओढा म्हणावं. आडवा ओढला की आत मोडतो."

काटा माझ्या पायात आणि अक्कल हिची. मी म्हणाले, "तिला सांगा, मोडू द्या."

मोडला. अर्धा आत राहिला. पुढची सगळी वाट तो आत होता आणि मला त्याचाही राग तिच्यावरच होता.

दुपार कलली तेव्हा ओढा लागला. ओढ्याच्या पलीकडं शेवटची चढण, वर पत्र्याचं छप्पर दिसत होतं. मला आता भीती वाटायला लागली होती. सकाळपासून मी धरून चालले होते की ही कुठंतरी अडखळेल, थांबेल, म्हणेल, माझं चुकलं. वाट त्याचसाठी लांब आहे ना? पण ती ठेचाळत, धापा टाकत का होईना, चालतच होती. तिला रक्तदाब आहे. तोंड लाल झालेलं, ओठ कोरडे. वर पोहोचली की बेल हातात घेऊन ती सरळ खोटं बोलेल, भावकी मान डोलवेल आणि माझा स्टार्टर जन्मभर ओट्यावर राहील. आणि तो शेवटी काय बोलला, हे मला कधीच कळणार नाही, कारण त्या जागी तिनं विहीर बसवली आहे.

मग मी ते बोलले. आमच्याकडं सगळे मानतात की बेल उचलून खोटं बोललं तर त्याचं पाप घरातल्या कोवळ्या जिवावर जातं. तिची सून पोटुशी होती, माहेरी गेली होती. हे सगळ्या गावाला माहीत होतं. ते तोंडावर कोणी बोलत नसतं एवढंच.

ओढ्याच्या पाण्यात पाय असताना मी मोठ्यानं म्हणाले, "आत्याबाई, तिला विचारा, सुनेचा कितवा महिना चालू हाय."

आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की दुसरी असती तर गप बसली असती. "जीभ हाय का कोयता?" त्या म्हणाल्या.

"विचारा तर खरं. तिलाच उपयोगी पडंल वर गेल्यावर."

ती ओढ्याच्या मधोमध थांबली. गुडघ्याएवढं पाणी. खाली वाकली, ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं आणि तशीच वाकून राहिली. मला वाटलं, बसते आता. बसली की संपलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बस. बस एकदाची. बाजूनं कावडवाले ओलांडून गेले. एकानं विचारलं, माय, हात देऊ का? तिनं नको म्हणून हात हलवला. मग उठली, पदराची गाठ चाचपली आणि काठाला लागली. पीळ काही जात नव्हता.

महादेवाचं देऊळ म्हणजे तीन बाजूंनी रचलेले दगड आणि वर पत्रा. आत पिंड, वर टांगलेल्या गळतीच्या तांब्यातून पिंडीवर थेंब थेंब पाणी. बाहेर माणसांची गर्दी, उदबत्त्या, फोटो काढणारी पोरं. आत्याबाई पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "बेल उचलायचा हाय." एवढ्यानं गर्दी फाटली. आपलं लेकरू पोटाशी धरून एक बाई लगबगीनं बाहेर गेली. दुसऱ्याची शपथ ऐकायला कोणी थांबत नाही, न जाणो त्यातलं आपल्यावर काही यायचं. गुरवानं आम्हाला आत घेतलं आणि तोही दाराशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

तिनं गाठ सोडली. बेल अजून ताजा होता. दोन्ही तळव्यांत घेतला, पिंडीकडं बघितलं. माझ्याकडं नाही.

"विहिरीचं तो काईच बोलला न्हाई," ती म्हणाली.

झालं. एवढंच. मी जिंकले होते. मला वाटत आलं होतं की त्या क्षणी मी आनंदानं रडेन. तसं काही झालं नाही. नुसता संताप आला, की एवढे चार शब्द बोलायला हिला अख्खा डोंगर लागला. आणि हेही कळत होतं की माझी दया येऊन ती खरं बोलली नव्हती. सुनेच्या पोटातल्या जिवाची भीती वाटली म्हणून बोलली होती. मी बाहेर जायला वळले.

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. "थांब. बेल अजून तिच्या हातात हाय." मग तिला म्हणाल्या, "थोरले, आन् काय? सगळं म्हणलं व्हतं मी."

पिंडीकडं पुढं झालेले हात तिनं मागं घेतले.

"झोपला नव्हता तो," ती म्हणाली. "जागा व्हता. दुपारपासून हिलाच बोलवून राहिला व्हता. वहिनी, तिला बोलवा. तिला काई तरी सांगायचं हाय, बोलवा. मी म्हणलं, येऊन राहिली. पुन्यांदा म्हणला. मी पुन्यांदा म्हणलं, येऊन राहिली, वाटंत हाय. सारखा दाराकडं बघायचा. फोन माझ्या हातात व्हता."

"मग केला काहून न्हाई?"

हे मी विचारलं होतं. थेट तिला. नियम मोडला होता, पण आत्याबाईंनी अडवलं नाही.

तेव्हा तिनं सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "आमची हळद व्हती कढईत," ती म्हणाली. "तुमची सकाळीच उतरली व्हती. दुपारी आमची चढली. तू उठली असती तर भट्टीपाशी कोण बसलं असतं? सगळी नासली असती. डॉक्टर म्हणला व्हता उतार हाय. मला वाटलं, एवढी एक कढई उतरू दे, मंग करते फोन. कढई उतरायच्या आधी तोच गेला."

"सांगायचं काय होतं त्यांना?"

"मी इचारलं. मला सांग, मी सांगते तिला. न्हाई म्हणला. म्हणला, तिलाच सांगतो."

मला ती दुपार अशी लख्ख आठवली. हिची हळद कढईत, वर ओलं पोतं झाकलेलं, मी जाळ बरोबर राखत होते. काडी टोचून बघत होते. फोन शेजारच्या दगडावर होता, धग लागू नये म्हणून मीच जरा लांब सरकवलेला. त्याला रेंज होती. चांगली भरपूर रेंज होती. हळद अशी सुरेख शिजली होती की उतरवताना मी गड्याला म्हणाले होते, बघ, थोरलीला सांग, तिच्या हातानं अशी झाली असती का.

मला तिचं डोकं त्या पिंडीवर आपटावंसं वाटलं. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. माझा हात खरोखर उठला होता. आत्याबाईंनी मनगट सोडलं नव्हतं म्हणून तो तिथंच राहिला. ती समोर बेल धरून उभी, तोंडावरून पाणी वाहतंय, आणि मी तिला म्हणाले, "विहीर ठेवा तुम्ही. मला ती दुपार द्या."

तिनं बेल पिंडीवर ठेवला. शपथ संपली. मग आत्याबाईंनी पिशवीतून नारळ काढला आणि उंबऱ्याच्या दगडावर फोडला. पाणी पिंडीला वाहिलं. एक तुकडा तिच्या हातावर ठेवला, एक माझ्या.

"दोघींनी एकाच नारळाचं खाल्लं की निवाडा पक्का," त्या म्हणाल्या. "खा."

"मी नाही खाणार हिच्याबरोबर."

"नको खाऊस. मंग तिचं बोलणं हवेत गेलं. उद्या ती म्हणंल, मी असं काई बोललेच न्हाई, आन् मला तिला खोटं पाडता यायचं न्हाई. स्टार्टर राहील तुझ्या ओट्यावर." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोरी, ज्याचं जळतं त्याला कळतं. पण दिवाळीनंतर पाणी कुठून आणशील?"

मी हातातल्या तुकड्याकडं बघत राहिले. समोर ती खायला लागली होती. खाली बघत, जनावर रवंथ करतं तसं, नुसता जबडा हलत होता. मला रान दिसत होतं. कमरेएवढी आलेली हळद, रुंद पानं, दोन्ही लेकरांनी बेणं लावलेलं. तिनं ज्या हळदीसाठी मला बोलावलं नाही, तसलीच ही हळद. आणि या हळदीसाठी मी आता हे खायचं होतं.

मी खाल्लं. मोठा तुकडा होता, बराच वेळ चावावा लागला. आत्याबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांनी विचारलं, गिळलं का? मी तोंड उघडून दाखवलं.